व्हीबीस्क्रिप्टनंतर काय: पॉवरशेल की पायथॉन?

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टला, म्हणजे विंडोजमधल्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेला, निरोप द्यायचं जाहीर केलं, आणि रात्रीच्या जॉबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांत) वर्षानुवर्षं गुपचूप चालणाऱ्या स्क्रिप्ट आता कशात लिहायच्या हा प्रश्न अनेक आयटी विभागांपुढे आला. पर्याय दोन: मायक्रोसॉफ्टचंच पॉवरशेल किंवा सगळीकडे चालणारी पायथॉन ही भाषा. आम्ही दोन्ही वापरून पाहिलं.

पॉवरशेलची बाजू भक्कम आहे. विंडोज सर्व्हरवर त्याची ५.१ ही आवृत्ती आयती मिळते, बसवायच्या परवानगीसाठी सिक्युरिटीवाल्यांच्या मागे लागावं लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (एडी, म्हणजे कंपनीतल्या वापरकर्त्यांच्या खात्यांची नोंदवही) ढीगभर खाती बंद करायची असतील, तर ‘व्हॉटइफ’ लावून आधी रंगीत तालीम करता येते. पायथॉनमध्ये ही सोय आपली आपणच लिहायची. मात्र ५.१ मध्ये एन्कोडिंग (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) न सांगता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाईल, काढली, की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ७ मध्ये हे सुधारलंय, पण ७ वेगळं बसवावं लागतं. म्हणजे आयतेपणाचा फायदा गेला.

तरी एवढ्यावर मी पॉवरशेल सोडलं नसतं. मला नडलं ते भलतंच. ‘गेट-कंटेंट’ या आज्ञेने फाईल वाचली आणि तिच्यात चार ओळी असल्या, तर यादी हाती येते. एकच ओळ असली तर यादी नाही, नुसता मजकूर! मग [०], म्हणजे ‘पहिलं दे’, म्हटलं की पहिली ओळ येत नाही, पहिलं अक्षर येतं. आमच्या एका जॉबमध्ये शाखांची नावं अशीच फाईलमधून यायची. रोज पाच-सहा शाखा असायच्या, सगळं सुरळीत. दिवाळीच्या सुट्टीत यादीत एकटं नागपूर उरलं आणि स्क्रिप्ट ‘एन’ नावाची शाखा शोधत बसली. उपाय माहीत असला तर किरकोळ आहे: सगळ्याभोवती @( ) घाला, म्हणजे एका ओळीचीही यादीच होते. पण तो प्रत्येक ठिकाणी, प्रत्येकाच्या लक्षात राहायला हवा. टीममध्ये नवा माणूस आला की पुन्हा तेच. चाचणीत तर हे सापडतच नाही, कारण चाचणीला कुणी एका ओळीची फाईल देत नाही.

पायथॉनमध्ये मजकुराच्या ओळी पाडणारं ‘स्प्लिटलाइन्स’ केलं की एक ओळ असो वा शून्य, हाती यादीच येते. माझ्यापुरता तराजू इथेच झुकला.

देखभालीत पायथॉन जास्त राबवतं, हे कबूल. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नवी आवृत्ती येते, प्रत्येकीला साधारण पाच वर्षं आधार. ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ हा पॅकेजं बसवायला लागणारा जुना भाग काढून टाकला, तेव्हा काही जुनी पॅकेजं (इतरांनी लिहिलेले तयार कोड) बसेनाशी झाली. पॉवरशेल ५.१ मात्र आहे तिथेच आहे. त्यामुळे तुमचं सगळं काम एडी आणि एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरभोवतीच फिरत असेल, तर पॉवरशेलच घ्या, मी वाद घालणार नाही. डेटाबेस, एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची सोय), एखादा लिनक्स सर्व्हर असं मिश्रण असेल, तर मी पायथॉन घेईन.

आणि इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर पायथॉन चालवायचं असेल, तर पॅकेजांच्या आवृत्त्या नेमक्या लिहून ठेवा, ‘पिप डाउनलोड’ या आज्ञेने व्हील फायली (बसवायला तयार पॅकेजं) नेटवर्कवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये उतरवा आणि ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (त्या कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या) पायथॉनचा पूर्ण पाथ द्या. नुसतं ‘पायथॉन’ लिहिलं तर कुठलं उठेल, याचा भरवसा नाही.