हजाराच्या आतला माइक आर्म: दसऱ्यापासून मृगापर्यंत वापरून

दसऱ्याला घेतलेला माइक आर्म, म्हणजे माइक तोंडासमोर धरून ठेवणारी, टेबलाला अडकवायची दांडी, मृग लागला तरी कामावर आहे, म्हणून आता लिहितोय. खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेले रिव्ह्यू ढिगानं मिळतात. या वस्तूचा कस उन्हाळ्यात लागतो, आणि लातूरचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. नीटची पोरं रात्री शंका पाठवतात, त्यांची उत्तरं घरच्या खोलीत रेकॉर्ड करून देतो. माइक यूएसबी कंडेन्सर, म्हणजे कॉम्प्युटरला थेट जोडायचा. आर्म कात्रीछाप, दोन्ही दांड्यांवर उघड्या स्प्रिंगा, बिनानावाचा. या किमतीतले बरेचसे आर्म एकाच साच्यातले दिसतात, फक्त स्टिकर बदलतं. त्यामुळे माझं रडगाणं आणि कौतुक दोन्ही तुमच्या आर्मला बऱ्यापैकी लागू पडेल.

आर्म घेतला की आवाज सुधारतो असं समजू नका. सुधारते ती माइकची जागा. टेबलावरच्या बुटक्या स्टँडवर माइक तोंडापासून लांब राहतो. तोच ३० सेंटिमीटरवरून १५ वर आणला की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो आणि भिंतींवरून परत येणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. आपल्याकडे वर स्लॅब, खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट. घुमायला आणखी काय पाहिजे? त्यातून १५ सेंटिमीटरवर समोरासमोर बोललं की प, फ, भ फटाफट फुटतात, म्हणून माइक ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवायचा. ही तिरकी जागा बुटक्या स्टँडवर कधी नीट साधत नाही.

पण मला खरा फायदा झाला तो पंख्याच्या बाबतीत. माझा माइक कार्डिऑइड जातीचा, म्हणजे समोरचं ऐकतो, पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. बुटक्या स्टँडवर त्याला आपल्या तोंडाकडे वळवायचं म्हणजे तिरकं वर बघायला लावायचं, आणि वर असतो छताचा पंखा. आर्मनं तोच माइक कपाळाच्या उंचीवर आणून खाली झुकवला की तोंड आपल्याकडे, पाठ पंख्याकडे. घरघर पूर्ण जात नाही, भिंतींवरून फिरून येतेच, पण पोरांनी तक्रार करण्याइतकी उरत नाही. मे महिन्यात पंखा बंद करून प्रोजेक्टाइल मोशन शिकवायची माझ्यात तरी ताकद नाही. पंखा दोनवर ठेवायचा, माइकला फोमची टोपी घालायची, बसायचं. कूलरचं नावच काढू नका, त्याच्यापुढे कुठल्याच आर्मचं काही चालत नाही.

आता वजन. विकत घ्यायच्या आधी माइक, शॉकमाउंट (धक्के अडवणारी माइकची रबरी झोळी), पॉप फिल्टर (प-फ चा फटका अडवणारी जाळी) सगळं एकत्र तोलून घ्या. घरात काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात न्या. आमच्या दुकानदारानं काट्यावरचं हे धूड बघून विचारलं, “सर, हे काय भावानं द्यायलेत?” निघालं सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. अंदाजासाठी सांगतो: गाण्याच्या कार्यक्रमात दिसणारा शुअर एसएम५८ तीनशे ग्रॅमच्या आसपास, ब्लू येती स्टँड सोडून साधारण ५५०, आणि पॉडकास्टवाल्यांचा लाडका एसएम७बी तब्बल ७६५ ग्रॅम.

वजनाचा एवढा घोर कशाला? कारण आर्म नटांच्या जोरावर उभा राहत नाही, स्प्रिंगांच्या जोरावर राहतो. ही युक्ती जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज इंजिनिअरची. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा माणूस, १९३२ मध्ये त्यानं तिचं पेटंट घेतलं आणि तिच्यावरून अँगलपॉइज हा टेबललॅम्प निघाला. आपल्या आर्ममध्ये दिव्याच्या जागी माइक आलाय, एवढंच. दांडी कुठल्याही कोनात असो, वजनाचा टॉर्क (दांडी फिरवणारा जोर) आणि स्प्रिंगचा टॉर्क एकमेकांना फेडत राहिले पाहिजेत. (पोरांनो, हे परीक्षेतही येतं.) माइक हलका असेल तर आर्म हळूहळू वर जातो, जड असेल तर मान टाकतो. महागड्या आर्मना ताण कमी-जास्त करायची सोय असते; रोड कंपनीचा पीएसए१ प्लस ९४ ग्रॅमपासून १.२ किलोपर्यंत काहीही तोलतो. आपल्या स्वस्त आर्मला सांध्यांवर प्लास्टिकचे नट असतात आणि आपण ते आवळत सुटतो. स्प्रिंगचं काम नटाकडून करून घेतलं की नट जातो. माझ्या शेंड्याच्या नटाचे आटे होळीच्या सुमारास गेले. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचा लोखंडी नट आणि दोन वायसर मिळाले, चहाच्या पैशात. ते बसवल्यापासून सांधा हललेला नाही. माझा एक सहकारी हलका माइक वापरतो, त्यानं शेंड्याजवळ दोन जाड नट तारेनं बांधलेत. दिसायला गबाळं, पण आर्म जागचा हलत नाही.

माइक काढताना एका हातानं दांडी धरून ठेवा. वजन गेल्याबरोबर ती सणकन वर उडते, आणि समोर चष्मा असतो. स्प्रिंगेत बोटही सापडतं, म्हणून लहान पोरं खोलीत असली की मी आर्म भिंतीकडे वळवून ठेवतो.

क्लॅम्प, म्हणजे टेबलाच्या कडेला आवळायचा चिमटा, हा या आर्मचा सगळ्यात दुबळा भाग. तो पकडतो साधारण पाच सेंटिमीटरपर्यंत, पण प्रश्न जाडीचा नसतो, कडेचा असतो. आपल्याकडची बरीच टेबलं फॅब्रिकेशनवाल्याकडून केलेली: वर प्लाय आणि सनमायका, खाली कडेलगत चौकोनी पाइप. क्लॅम्पचं खालचं बूड त्या पाइपावर येतं आणि घसरतं. मध्ये जुन्या स्लिपरचा तुकडा घातला की बसतं. भुशाच्या बोर्डाचं तयार टेबल असेल तर वर-खाली दोन्हीकडे प्लायचा तुकडा घालाच, नाहीतर बोर्डात खड्डा पडतो आणि तो भरून निघत नाही.

मी मात्र टेबल सोडून दिलं. भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी माझ्या डाव्या हाताला आहे, क्लॅम्प तिला लावला. टेबलावर लावलेला असताना कीबोर्डची टकटक, पेन ठेवल्याचा आवाज, कोपराचा धक्का, सगळं दांडीतून माइकपर्यंत चढायचं. शॉकमाउंट त्यातलं थोडंच अडवतो. दगडाच्या फळीवर गेल्यापासून ते बंद झालं. रबर घालून आणि हलक्या हातानं आवळा, कडप्प्याची कड टवकते.

राहिला स्प्रिंगांचा आवाज. दांडीला जरा धक्का लागला की उघडी स्प्रिंग तार छेडल्यासारखी वाजते. एका विद्यार्थ्यानं लिहून पाठवलं, “सर, मधीच टण्ण वाजायलंय.” पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणला, त्याच्या बारीक पट्ट्या कापून स्प्रिंगांच्या आत सरकवल्या. टण्ण गेलं. स्प्रिंगेच्या टोकाच्या हुकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला की कुरकुरही जाते, फक्त ते तेल प्लास्टिकच्या सांध्यांवर जाऊ देऊ नका, तिथं पकडच हवी असते. ट्यूबचा दुसरा तुकडा दांडी आणि क्लॅम्पच्या भोकामध्ये गुंडाळलाय, कारण तिथं दांडी चांगलीच डुगडुगत होती.

आट्यांच्या मापाकडे लक्ष ठेवा. माइकच्या बाजूला ३/८ किंवा ५/८ इंच असं माप असतं, आर्मचं माप वेगळं असेल तर मध्ये पितळी ॲडॉप्टर लागतो. माझ्यासोबत आला होता, सगळ्यांसोबत येतोच असं नाही. सोबत आलेला पॉप फिल्टर आणि वायर बांधायच्या पट्ट्या पहिल्या महिन्यातच कचऱ्यात गेल्या.

तुमचा माइक सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच्या आत असेल आणि एकदा लावलेली जागा फारशी बदलायची नसेल, तर हा आर्म घ्या. दर थोड्या वेळानं माइक इकडून तिकडे फिरवणारे, दोघांत एक माइक वापरणारे आणि एसएम७बीवाले यांनी पैसे साठवावेत किंवा जमिनीवरचा साधा स्टँड घ्यावा. काचेच्या टेबलाला तर कुठलाच क्लॅम्प लावू नका, रबर घालूनसुद्धा.