चार माहितीपट, चार मागण्या: आधी कोणता पाहावा?

एक संध्याकाळ मोकळी आहे, घरी किंवा मंडळात दहा-पंधरा माणसं जमणार आहेत आणि आफ्रिकेतला एखादा चांगला माहितीपट दाखवायचा आहे. कोणता लावावा? कुणी विचारलं की माझ्या मनात हे चार येतात. बेनिनला परत गेलेल्या राजमूर्तींवरचा 'दाहोमे' (2024), काँगो नदीवरून राजधानीकडे निघालेल्या युद्धपीडितांचा 'डाउनस्ट्रीम टू किन्शासा' (2020), सुदानमधल्या चार वयस्क दिग्दर्शकांचा 'टॉकिंग अबाउट ट्रीज' (2019) आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका आजीचा 'द लेटर' (2019).

या चारही ठिकाणी कुणीतरी आपल्या हक्काचं काहीतरी मागतंय. बेनिनला मूर्ती हव्यात, काँगोतल्या किसांगानीच्या जखमींना युद्धाची भरपाई हवी आहे, सुदानच्या चौघांना एक बंद पडलेलं थिएटर उघडायचंय आणि त्या आजीला स्वतःच्याच घरात निर्धास्त राहायचंय. त्यामुळे यांची तुलना करताना मी एकच गोष्ट बघते: मागणारा माणूस स्वतः किती बोलतो आणि त्याच्या वतीने दिग्दर्शक किती बोलतो.

'दाहोमे'चं नाव सगळ्यांत जास्त ऐकू येतं, कारण 2024 च्या बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. दिग्दर्शिका माती दियोप फ्रेंच-सेनेगाली आहे. लांबी फक्त 68 मिनिटं. दाहोमे म्हणजे आजच्या बेनिनमधलं जुनं राज्य, आबोमे ही त्याची राजधानी. 1892 साली कर्नल दोद्सच्या फ्रेंच फौजेने आबोमेचा राजवाडा लुटला. तिथल्या ठेव्यातल्या 26 वस्तू पुढे पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात होत्या. त्या परत देण्यासाठी फ्रान्सला 2020 च्या डिसेंबरात वेगळा कायदा करावा लागला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्या विमानाने बेनिनमधल्या कोतोनूला पोहोचल्या. कॅमेरा या प्रवासाच्या बरोबर आहे. लाकडी खोकी, हातमोजे घातलेले कामगार, मूर्तीचा कुठला कोपरा झिजलाय याच्या नोंदी. त्यात दाहोमेच्या गेझो राजाची मूर्ती तिथल्या 'फोन' नावाच्या भाषेत स्वतः बोलते. यादीत तिचा क्रमांक 26, आणि आपल्याला नावाऐवजी आकडा मिळाला, हे दुःख ती सांगते. हा मजकूर हैतीचे लेखक माकेन्झी ऑर्सेल यांनी लिहिला आहे.

खरा सिनेमा मात्र मला उत्तरार्धात सापडतो. आबोमे-कालावी विद्यापीठातले विद्यार्थी सभागृहात जमून भांडतात. हजारो वस्तू तिकडे असताना 26 परत देणं हा सन्मान की अपमान? हे श्रेय कुणाचं, आपल्या राष्ट्राध्यक्षांचं की पॅरिसचं? जी वस्तू पूर्वी पूजेत होती ती आता काचेच्या पेटीत ठेवायची का? आपण हा वाद फोनऐवजी फ्रेंचमध्ये घालतोय याचीही खंत तिथे बोलून दाखवली जाते. दिग्दर्शिका इथे पूर्ण बाजूला होते, म्हणूनच हा भाग इतका जिवंत झालाय.

आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी या चित्रपटाला एक सरळ धागा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै 2024 मध्ये साताऱ्याला आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती नेमकी शिवाजी महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. तरी ती पाहायला लोक लांबून आले. वस्तू परत येणं, उसनी येणं आणि ती आपली आहे असं वाटणं, या तीन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे 'दाहोमे' पाहून उठल्यावर फार नेमकं बोलता येतं.

एक उणीव मला सलते. दाहोमेचं राज्य स्वतः गुलामांच्या व्यापारात खोल बुडालेलं होतं. विदाह बंदरातून असंख्य बंदी समुद्रापार गेले, आणि गेझोच्या राजवटीतही हा व्यापार चालू होता. मूर्तीच्या स्वप्नाळू आवाजात या गोष्टीला जवळपास जागाच नाही. ज्यांना विकलं त्यांचे वंशजही या वारशाचे वाटेकरी आहेत. मूर्तीला आवाज द्यायचाच होता, तर तिने यावरही बोलायला हवं होतं. चित्रपट लावण्याआधी प्रेक्षकांना एवढं दोन वाक्यांत सांगाच.

'डाउनस्ट्रीम टू किन्शासा' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. इथे बोलणारी मूर्ती नाही. इथे कुबड्या आहेत, लाकडी पाय आहेत, आणि ते वापरणारी माणसं स्वतः बोलतात. 5 ते 10 जून 2000 या सहा दिवसांत युगांडा आणि रवांडा या दोन परक्या देशांच्या फौजा काँगोच्या किसांगानी शहरात एकमेकांवर तोफा डागत होत्या. शेकडो नागरिक मेले, कितीतरी जणांचे हातपाय गेले. पुढे 2005 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काँगोतल्या कारवायांबद्दल युगांडाला दोषी धरलं. भरपाई मात्र जखमींच्या हातात पडली नाही. शेवटी त्यांची संघटना ठरवते की राजधानीत जाऊन जाब विचारायचा. किसांगानी ते किन्शासा म्हणजे नदीने सतराशे किलोमीटरहून जास्त. मालवाहू तराफ्यावर, ताडपत्रीखाली, वादळात आणि पावसात, अपंग माणसांचा हा प्रवास चित्रपटाचा मोठा भाग व्यापतो.

दिग्दर्शक दियुदो हमादी हा किसांगानीतच जन्मलेला. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कुणी दया मागत नाही की धीरोदात्तपणाचं प्रदर्शन करत नाही. तराफ्यावर ही माणसं आपसांत कडाकडा भांडतात, चिडतात, हसतात, कृत्रिम पाय नीट बसत नाही म्हणून कुरकुरतात. मध्ये मध्ये त्यांनीच सादर केलेल्या नाटकाचे प्रवेश येतात. रंगमंचावर एका बाजूने उजेड, आणि त्यात स्वतःच्या शरीरावर घडलेलं युद्ध ही माणसं स्वतः सांगतात. किन्शासात पोहोचल्यावर ती संसदेपाशी फलक घेऊन पावसात उभी राहतात. समोर दार आहे, ते उघडत नाही. इथे पार्श्वसंगीत भावना चढवायला येत नाही. त्या माणसांचं उभं राहणंच आपल्याला धरून ठेवतं.

चित्रपटाच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'अब्जाच्या वाटेवर' असा आहे, म्हणजे ज्या अब्ज डॉलरच्या भरपाईची आशा होती तिच्या वाटेवर. चित्रपटानंतर, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्याच न्यायालयाने युगांडाला 32.5 कोटी डॉलर द्यायला सांगितलं. तो पैसा काँगो सरकारला मिळायचा होता, आणि सरकारपासून किसांगानीच्या त्या माणसांपर्यंतचं अंतर किती, हे चित्रपट पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडे धरणग्रस्त पिढ्यान् पिढ्या कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आहेत. त्यांच्यासोबत ज्यांनी काम केलंय त्यांना या चित्रपटात अनोळखी असं फार थोडं वाटेल.

माझ्या कसोटीवर हा चौघांत पहिला. पण पहिल्या संध्याकाळी, लहान मुलं बसलेली असताना, मी तो लावणार नाही. तुटलेली शरीरं जवळून दिसतात, आणि ती तशी दिसायलाच हवीत. ज्यांना नजर न हटवता बसता येईल अशाच प्रेक्षकांना हा दाखवा.

'टॉकिंग अबाउट ट्रीज' पाहताना हसू येतं, आणि त्या हसण्यातूनच तो आत शिरतो. इब्राहिम शद्दाद, सुलेमान इब्राहिम, अल्तय्यब महदी आणि मनार अल-हिलो हे सुदानचे चार दिग्दर्शक. कुणी पूर्व जर्मनीत शिकलं, कुणी मॉस्कोत, कुणी कैरोत. 1989 मध्ये त्यांनी सुदानी फिल्म ग्रुप काढला. त्याच वर्षी ओमर अल-बशीरचा लष्करी उठाव झाला, आणि हळूहळू देशातून सिनेमाच गेला. चित्रपटात ते चौघं ओमदुर्मानमधलं एक ओसाड उघडं थिएटर पुन्हा सुरू करायला निघालेत. वीज गेलेली असते, म्हणून काळोखातच एक जण हॉलिवूडच्या जुन्या नायिकेचा प्रवेश करून दाखवतो. आजूबाजूच्या मशिदींची अजान सुरू झाली की बोलणं थांबतं, आणि खेळाची वेळ कशी बसवायची याचा हिशोब सुरू होतो. मग परवानगीचा फेरा: या कार्यालयातून त्या कार्यालयात.

दिग्दर्शक सुहैब गस्मेलबारी या चौघांवर एवढं प्रेम करतो की त्यांना कधी बिचारं होऊ देत नाही. चित्रपटाचं नाव जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तच्या कवितेवरून आलंय. झाडांबद्दल बोलणंही जिथे गुन्हा वाटावं असे ते दिवस, कारण त्या बोलण्यात कितीतरी भयंकर गोष्टींबद्दलचं मौन असतं. फेब्रुवारी 2019 मध्ये बर्लिनला या चित्रपटाने प्रेक्षकांचं आणि माहितीपटाचं, अशी दोन पारितोषिकं घेतली. दोनच महिन्यांनी बशीर सत्तेवरून गेला. एप्रिल 2023 पासून खार्टुम आणि ओमदुर्मान युद्धात होरपळले, आणि आता तो उजाड पडदा पाहताना पोटात कालवतं.

हे चौघं पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन गावांतही जातात. मातीत बसलेली मुलं, वाऱ्यावर हलणारा पडदा. ज्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलाय त्यांना हे सांगायला नकोच. फिल्म सोसायटी चालवणाऱ्या माणसांसाठी माझं उत्तर हेच, दुसरा विचार करू नका. राजकारणाची आधी माहिती नसेल तरी काही अडत नाही. फक्त गती संथ आहे. सतत काहीतरी घडायला हवं अशा प्रेक्षकांची चुळबूळ विसाव्या मिनिटाला सुरू होईल.

'द लेटर' चौघांत सर्वांत साधा दिसतो, आणि घरच्या माणसांना दाखवायला सर्वांत सोपा. मोम्बासात राहणाऱ्या एका तरुणाला कळतं की गावी, किलिफीकडे, त्याच्या नव्वदी ओलांडलेल्या आजीवर घरातल्याच काहींनी चेटकीण असल्याचा आरोप केलाय. तसं पत्रच आलंय. तो गावी जातो. पुढे जे उलगडतं त्यात भूत कमी आणि जमीन जास्त आहे. वडिलोपार्जित जमीन कुणाच्या नावे व्हायची, या प्रश्नात म्हातारी माणसं अडसर ठरतात, आणि त्या किनारपट्टीवर अशा आरोपांवरून वृद्धांचे खून झालेले आहेत. माया लेकोव आणि क्रिस्टोफर किंग हे दिग्दर्शक जोडपं कुटुंबाच्या इतकं जवळ गेलंय की आरोप करणारेही राक्षस दिसत नाहीत. तेही त्याच अंगणात वाढलेले, त्याच आजीच्या हातचं खाल्लेले. आणि आजी? ती शेतात कामाला जाते, टोमणे मारते, हसते. तिच्या हसण्याने हा चित्रपट तोलून धरलाय.

केनियात जादूटोण्याचा कायदा अजून 1925 चा, इंग्रजांच्या काळातला आहे. महाराष्ट्रात हा विषय परका नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि आपल्या आदिवासी भागांत बाईला डाकीण ठरवण्यामागे जमिनीचा वाद निघतो, हे अंनिसच्या कार्यकर्त्यांना चांगलंच माहीत आहे. म्हणून या चित्रपटानंतर चर्चेला विषय द्यावा लागत नाही, लोक स्वतःहून आपल्या गावाचं बोलू लागतात. कलाकृती म्हणून तो 'किन्शासा'च्या उंचीचा नाही. काही ठिकाणी जे दिसतंय तेच पुन्हा सांगितलं जातं. पण पहिल्यांदा आफ्रिकेतला माहितीपट पाहणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण यात शेवटपर्यंत बसतील, असं मला मनापासून वाटतं.

भाषेचं आधीच पाहून ठेवा. 'दाहोमे' फोन आणि फ्रेंचमध्ये आहे, 'किन्शासा'त लिंगाला आणि स्वाहिली ऐकू येतात, सुदानचा अरबीत, केनियाचा मुख्यतः स्वाहिलीत. उपशीर्षकं इंग्रजीत मिळतात. इंग्रजी झरझर वाचता न येणारे प्रेक्षक असतील तर 'दाहोमे'चा वादाचा भाग त्यांना जड जाईल, कारण तिथे शब्द फार आणि वेगाने येतात. 'द लेटर' आणि 'टॉकिंग अबाउट ट्रीज' चेहऱ्यांवरूनही बरेच कळतात. आधी दहा मिनिटं मराठीत पार्श्वभूमी सांगितली तर काम भागतं. आणि मंडळात दाखवणार असाल तर वितरकाची परवानगी घ्या. या दिग्दर्शकांची पुढची कामं त्याच पैशांवर उभी राहतात.

मग कोणता? घरची किंवा गावातली मिश्र मंडळी असतील तर 'द लेटर'. इतिहासाचे, संग्रहालयाचे विद्यार्थी असतील तर 'दाहोमे', आणि त्यानंतर निदान तासभर हाताशी ठेवा, कारण पडद्यावरचा वाद खोलीत उतरतो. सिनेमावेड्यांसाठी सुदानचे ते चौघं. पुनर्वसन, नुकसानभरपाई, न्यायालय यांत आयुष्य घालवणाऱ्यांसाठी 'किन्शासा', त्यात दुसरा पर्याय मी देणार नाही. दोन संध्याकाळी मिळाल्या तर पहिल्या दिवशी आजी आणि दुसऱ्या दिवशी तो तराफा, या क्रमाने लावा. उलट क्रमाने लावलंत तर आजीच्या हसण्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.