लेबलवर ‘एल’ होता, चिपवर नव्हता

जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायला निघालो आणि तीन आठवडे त्याचं खालचं झाकण उघडं ठेवून बसलो. पैसे गेले ते गेलेच. यात अर्धी चूक माझी होती, तीही सांगतो.

लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरचा, २०१४ मध्ये घेतलेला. आत ४ जीबीची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आणि शेजारी एक रिकामा स्लॉट. मी काही डोळे झाकून खरेदी केली नव्हती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड बघितला, १६००. झाकण उघडून जुन्या स्टिकवरची ओळ कागदावर उतरवून घेतली: पीसी३एल-१२८००एस. यातले १२८०० म्हणजे १६०० गुणिले ८. शेवटचा ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक. आणि मधला ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज, १.३५. डीडीआर३ हा या रॅमचा प्रकार; त्यातल्या साध्या स्टिकला १.५ व्होल्ट लागतात आणि चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला ती साधी चालत नाही. हे सगळं वाचून, नीट समजून घेऊन मी ऑनलाइन ८ जीबीची स्टिक मागवली. वर्णनात ‘नवी’ लिहिलेलं, फोटोत लेबल स्वच्छ दिसत होतं, त्यावर ‘एल’ही होता.

स्टिक आली, स्लॉटमध्ये टक्कन बसली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच. नवी काढली की लॅपटॉप सुरू, लावली की बंद. स्लॉट बदलून पाहिला, नवी एकटीच लावून पाहिली, सोनेरी पिना खोडरबरने घासल्या, बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. काही उपयोग नाही.

विक्रेत्याला मेसेज केला. दीड दिवसाने उत्तर आलं, “सर, बायोस अपडेट करा.” म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर. केलं. पुन्हा दीड दिवस. “सर, दोन वेगवेगळ्या साइझच्या स्टिक एकत्र चालत नाहीत, जुनी काढा.” हे साफ खोटं. ४ आणि ८ एकत्र चालतात, फक्त सगळी मेमरी ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी, चालत नाही एवढंच. शिवाय नवी एकटी लावूनही चालत नव्हती, हे मी पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं. मग तिसरं उत्तर: “तुमचा स्लॉट गेलाय, इंजिनिअरला दाखवा.” परत करायची मुदत दहा दिवसांची होती आणि हे वाचलं तेव्हा नववा दिवस चालू होता. ते सल्ले लॅपटॉप चालावा म्हणून नव्हतेच, मुदत संपावी म्हणून होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. उलट स्लॉटच गेला असावा असं मला खरंच वाटायला लागलं.

स्लॉट वाचवला मावसभावाने. त्याचा लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा, त्याला १.५ आणि १.३५ दोन्ही चालतात. “आण इकडे, माझ्यात लावून बघू,” म्हणाला. त्यात स्टिक पहिल्या फटक्यात सुरू झाली. मग हार्डवेअरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडून एसपीडीचा टॅब बघितला; स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती तिथे दिसते. वरचा स्पीड ६६७ मेगाहर्ट्‌झ. तिथे आकडा निम्मा दिसतो, म्हणजे स्टिक १३३३ ची, १६०० ची नव्हे. खाली व्होल्टेजच्या ओळीत १.५०. आणि बनवल्याचं वर्ष २०१२. ‘नवी’ म्हणून आलेली स्टिक माझ्या लॅपटॉपपेक्षा दोन वर्षांनी मोठी!

इथे मी गाढवपणा केला. रागाच्या भरात लेबल नखाने खरवडून काढलं. खाली आधीच्या लेबलचा डिंक तसाच होता. त्याखाली हायनिक्स कंपनीची चिप, तिच्यावर एच५टीक्यू, म्हणजे १.५ व्होल्टवाली. फोटो पाठवले तर या वेळी उत्तर दहा मिनिटांत: “स्टिकर काढल्यामुळे वॉरंटी रद्द.” त्यांच्या अटींत तसं खरोखरच लिहिलेलं होतं. वेबसाइटकडे तक्रार केली, तिथेही हेच कारण दाखवलं गेलं.

आणि खरवडायची गरजच नव्हती. ८ जीबीच्या या स्टिकवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा आणि लेबल एकाच बाजूला. स्टिक उलटी केली असती तर आठ चिपा उघड्या दिसल्या असत्या. हायनिक्सच्या चिपवर एच५टीसी असेल तर १.३५ व्होल्ट, एच५टीक्यू असेल तर १.५. सॅमसंगच्या के४बी चिपवर आडव्या रेघेनंतरचं दुसरं अक्षर बघायचं: वाय असेल तर १.३५, सी असेल तर १.५. अक्षरं बारीक असतात; मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून तिरप्या उजेडात वाचावी लागतात.

ही फसवणूक नेमकी डीडीआर३ मध्येच का जमते, तर साध्या आणि ‘एल’वाल्या दोन्ही प्रकारांना पिना २०४ आणि खाचही एकाच जागी. पुढच्या पिढीच्या डीडीआर४ ची स्टिक २६० पिनांची, खाच वेगळीकडे, ती या स्लॉटमध्ये शिरणारच नाही. ‘एल’वाली स्टिक १.५ वरही चालते, म्हणून तिला गिऱ्हाईक जास्त. भंगारात निघालेल्या लॅपटॉपांतल्या साध्या स्टिकवर नवं लेबल चिकटवण्यामागे हाच हिशोब असावा.

दुसऱ्यांदा घेताना ऑर्डरच्या आधीच दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. दोघांनी उत्तर देणंच बंद केलं, तिसऱ्याने पाठवले. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला, लेबलला हात लावला नाही. सीपीयू-झेडने १.३५ दाखवलं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. एसपीडीतली माहितीही बदलून लिहिता येते, माझ्या विक्रेत्याने तेवढे कष्ट घेतले नव्हते इतकंच. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. सकाळी चुका शून्य, एकूण मेमरी १२ जीबी.

ती पहिली स्टिक मावसभावाच्याच लॅपटॉपमध्ये राहिली. तिकडे ती आजही चालते आहे.