चाळीस कलमं, तीन उन्हाळे: फुंडकर फळबाग योजना वापरून बघितली

भाऊसाहेब फुंडकर योजनेतून अंबाजोगाईच्या बाजूला एकरभर केशर आंबा लावला, त्याला तीन उन्हाळे झाले. पाचपैकी साडेतीन गुण. दीड कुठं कापला ते सांगतो.

फळबागेला अनुदान देणारी राज्य सरकारची ही योजना २०१८ ची. जॉबकार्ड नाही म्हणून मनरेगातून ज्यांना फळबाग घेता येत नाही, त्यांच्यासाठी. सातबारा, आठ-अ जोडून पुतण्यानं मोबाइलवरच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. दहा बाय दहा मीटरवर ४० कलमं बसली. मधल्या पट्ट्यात सोयाबीन-तूर, पुढं हरभरा. रान एक हंगामही पडीक राहिलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. (आमच्या अण्णांनी १९९० नंतर रोहयोच्या फळबाग योजनेतून उमराण बोरी लावल्या होत्या. त्यातल्या दोन अजून उभ्या आहेत.)

कलमं मात्र जूनऐवजी ऑगस्टअखेर हातात पडली. रोपवाटिकेचं नाव घेत नाही. मूळ धरायला पाऊसच उरला नाही. कुंपणाचा खर्च आपलाच, आणि रानडुकरं काही पूर्वसंमती घेऊन येत नाहीत.

अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता हवा तर कोरडवाहूत ८० आणि बागायतीत ९० टक्के झाडं जिवंत पाहिजेत. माझ्याकडं ठिबक, म्हणजे ३६ जगायलाच हवीत. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरनं दम तोडला. टँकर विकत घेतला, आळ्यात उसाचं पाचट टाकलं, पण सात कलमं वरून वाळत गेली.

त्यातल्या पाचांना पावसाळ्यात जोडाच्या, म्हणजे खालच्या गावरान रोपावर (खुंटावर) केशरची काडी बांधलेल्या जागेच्या, खालून फूट आली. लांबून बघाल तर हिरवंगार झाड. जवळ जाऊन पान चुरगळून वास घेतला, तर गावरान खुंट! केशर कधीच मेला होता. पाहणीला आलेल्या साहेबांनी बांधावरून फोटो काढले, ३८ जिवंत लिहिली, हप्ता जमा झाला. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, पैशांची गरज होती.

आता लक्षांक (लागवडीचं उद्दिष्ट) वाढवा, बांधाबांधावर झाडं लावा असं सगळीकडं चाललंय. वाढवा की. पण पहिल्याच वर्षी निम्मे पैसे देऊन टाकण्यापेक्षा दुसऱ्या उन्हाळ्याच्या पाण्याला थोडे राखून ठेवा. आणि मोजायला येणाऱ्यानं वाकून जोड बघावा. नाहीतर कागदावर केशर वाढेल, रानात खुंट.

पार मेलेल्या दोन ठिकाणी नवी कलमं लावून नांग्या भरून झाल्या. त्या पाच खुंटांवर यंदा जागेवरच पाचर कलम (खुंटाला चीर देऊन त्यात केशरची काडी बसवणं) करून घेणार आहे. शेजारच्या गावचा एकजण झाडामागं ऐंशी रुपये मागतोय, साठावर आणायचं बघतोय.