यूएसबी मोशन कार्डाच्या नावाखाली ३०,९५० रुपयांचा गंडा

आधी आकडे सांगतो, कारण घरात आणि चौकीत तेच पुन्हा पुन्हा विचारले गेले. मशीनच्या मोटरा कॉम्प्युटरवरून चालवायचं कार्ड १८,५००. त्याचा ‘पिन चार्ट’ ३,५००. ऑनलाइन सेटिंग ६,०००. ‘लायसन्स अनलॉक’ २,९५०. एकूण ३०,९५० रुपये, सगळे यूपीआयने, सगळे एकाच खात्यात. बदल्यात हातात पडला तो पत्र्याचा एक डबा.

माझं दारं कोरायचं छोटं वर्कशॉप आहे. चार बाय आठचा राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन, मॅक-३ या सॉफ्टवेअरवर, जुन्या एक्सपीवाल्या कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टवरून, म्हणजे प्रिंटर जोडायच्या जुन्या २५ पिनी सॉकेटवरून, चालणारं. लग्नसराईच्या तोंडावर तो कॉम्प्युटर मेला. नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट येत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि या भामट्यांना तर त्याहून चांगलं माहीत असतं. अशाच एकाची जाहिरात, ‘इम्पोर्टेड पाच अ‍ॅक्सिस यूएसबी कार्ड, लावा आणि चालवा.’ फोटो पाठवला तो खऱ्या यूएसबी कार्डाचाच होता. बोलणं गोड, दर वेळी ‘शेठ’. बिल मागितलं तर कोटेशन पाठवलं, त्यावर पंधरा अंकी जीएसटी नंबर. स्वतः अहमदाबादचा म्हणवत होता आणि नंबर २७ ने सुरू. २७ महाराष्ट्राचा, गुजरातचा २४. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की धनी कोण ते फुकट कळतं. पैसे जायच्या आधी टाका.

डबा आला. बाहेर यूएसबीचं सॉकेट, झाकणावर ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर. लॅपटॉपला जोडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव उमटलं, ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’.

त्या तीन शब्दांवर मी अजून जळतो. वर्कशॉपमध्ये प्रिंटर नाही, कधी नव्हता. समोर स्वच्छ लिहिलंय की हे प्रिंटरचं काहीतरी आहे, आणि मी त्याला फोन करतोय, ‘असं का दाखवतंय?’ तो म्हणतो, ‘तसंच दाखवतं शेठ, पिना सेट झाल्या की नाव बदलतं.’ नाव बदलतं म्हणे! पण माझ्या जागी उभं राहून बघा. चौदा दारांचा अ‍ॅडव्हान्स घेतलेला, गिऱ्हाईक रोज दारात, आणि मशीनचं वायरिंग पहिल्यापासून मशीन विकणाऱ्याच्याच माणसाने केलेलं. मशीन चालवणारा वेगळा, कार्डात डोकं घालणारा वेगळा. माणूस अडला की समोरच्याच्या शब्दावरच चालतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. खऱ्या यूएसबी मोशन कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, मोटरला लागणारे पल्स, म्हणजे पुढे सरकवणारे विजेचे ठोके, तो बनवतो, आणि मॅक-३साठी त्याचं वेगळं प्लगइन येतं. पॅरलल पोर्टच्या पद्धतीत हे काम कॉम्प्युटर करतो. मॅक-३चा ड्रायव्हर थेट पोर्टच्या पत्त्यावर, बहुतेक ३७८ वर, लिहितो. यूएसबी-टू-प्रिंटर केबलला तसा पत्ताच नसतो. तिच्यावर राउटर चालणार नाही, कोणीही कितीही ‘सेटिंग’ केलं तरी. प्लगइनची फाइल आधी मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

मग आला पिन चार्ट. कुठली पिन कशाची हे सांगायचे वेगळे ३,५००, म्हणजे कुलूप विकून किल्लीचे पैसे वेगळे. ‘कंपनीचं सिक्रेट आहे’ म्हणे. कसलं सिक्रेट? ग्रबल या फुकट मशीन-कंट्रोल सॉफ्टवेअरचा सगळा पिन नकाशा उघड्यावर पडलाय, ०.९ आवृत्तीत झेडची, म्हणजे वर-खालीच्या अक्षाची, लिमिट (टोकाला पोचल्याचा सिग्नल आत आणणारी पिन) ११ वरून १२ वर नेली, तेही लिहून ठेवलंय. खरा विकणारा पिनांचा तक्ता पैसे घ्यायच्या आधी देतो. ह्याने लॅमिनेट केलेला रंगीत कागद कुरिअर केला. त्यात झेडची स्टेप (मोटरला पल्स पाठवणारी) पिन १९ वर आणि एक्सची लिमिट १६ वर.

२५ पिनी पोर्टात १८ ते २५ सगळ्या ग्राउंड. इनपुट फक्त पाच: १०, ११, १२, १३ आणि १५. बाकी २ ते ९, १, १४, १६, १७ ही आउटपुटं. ग्राउंडवर स्टेप आणि आउटपुटवर लिमिट! हे मला शेजारच्या डिप्लोमाच्या पोराने सांगितलं, तोवर सहा हजारही गेले होते आणि २,९५० ही. शेवटचे गेल्यावर त्याचा फोन बंद.

त्या पोराने स्टिकर फाडून डबा उघडला. आत हजार-बाराशेला मिळणारा साधा ब्रेकआउट बोर्ड (पोर्टाच्या पिना वायरी जोडायला बाहेर काढणारा), त्याला प्रिंटरची केबल डकवलेली, आयसींवरचे नंबर घासलेले. नंतर त्यानेच जुना पॅरलल पोर्टवाला कॉम्प्युटर शोधून दिला, ४,२०० ला, आणि पिना शोधूनही दाखवल्या. मोटरा आणि स्पिंडल (कोरणारं टोक फिरवणारी मोटर) काढून ठेवायचे. मल्टिमीटरच्या बझरवर आधी ग्राउंड पक्कं करायचं. मग मॅक-३च्या ‘पोर्ट्स अँड पिन्स’मध्ये एक पिन देऊन पुढे-मागे जॉग करायचं, म्हणजे बटणाने अक्ष सरकवायचा. डायरेक्शनच्या पिनेवर एका बाजूला पाच व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य. लिमिटसाठी इनपुट ग्राउंडला टेकवायचा आणि डायग्नोस्टिक्सच्या पानावर दिवा बदलतो का बघायचं. एवढंच. ह्याचे मी साडेतीन हजार मोजले.

आता चौकी. ‘वस्तू मिळाली ना? मग सिव्हिल मॅटर.’ मी म्हटलं, साहेब, दाखवलं एक, दिलं दुसरं. ‘कार्ड नकली असल्याचं कंपनीकडून लिहून आणा.’ कुठली कंपनी? कार्डावर नाव असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? तिथून सायबरकडे, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात, ठाण्यात ज्यांनी अर्ज घेतला ते बंदोबस्ताला. बँकेच्या शाखेत वेगळंच, ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.’ हो, स्वतःच पाठवले, फसवणूक अशीच होते! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे, हद्द नसली तरी झिरो एफआयआर घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं, तर ‘वकील आहात का?’

एका वकिलाने ग्राहक आयोगाचंही झटकून टाकलं, धंद्याचं मशीन आहे म्हणून. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली वस्तू धरलेली आहे, आणि पाच लाखांपर्यंत जिल्हा आयोगात फीही नाही. ‘तुम्ही धंदेवाले’ म्हणून कोणी उठवलं तर उठू नका. पैसे गेल्या क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, चौकीत नंतर जा.

डबा मी फेकलेला नाही, घासलेल्या आयसींसकट पुरावा म्हणून कपाटात आहे. तो भामटा मात्र दुसऱ्या नावाने, त्याच फोटोसह परत जाहिरात करतोय. भाव आता १९,५०० झालाय.