चोवीस सत्रे, तेरा आठवडे आणि २९,४४९ रुपये

बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग निवडताना आमचे २९,४४९ रुपये गेले. हा आकडा लिहिताना मला आजही लाज वाटते, कारण दुसऱ्यांचे हिशेब तपासणे हेच माझे रोजचे काम आहे. तरीही लिहिते आहे, कारण त्याच पद्धतीचे वर्ग आजही गरोदर बायकांना हेरून भरवले जात आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मला सत्तावीस आठवडे पूर्ण झाले होते आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख ४ फेब्रुवारी २०२४ होती. आम्ही पुण्यात दोघेच राहतो. आई साताऱ्याला, सासूबाईंचे गुडघ्याचे दुखणे, आणि दवाखान्यात दीड तास थांबल्यावर डॉक्टरांची मिळणारी पाच मिनिटे तपासणीतच संपत. कळा ओळखायच्या कशा, श्वास कसा सोडायचा, बाळाला अंगावर घ्यायचे कसे, हे कोणाला तरी सविस्तर विचारावे असे वाटणे हा माझा मूर्खपणा नव्हता. ती माझी गरज होती, आणि तिचाच बाजार मांडला गेला.

रविवारी ५ नोव्हेंबरला १९९ रुपये भरून आम्ही कोथरूडमधल्या एका वर्गाच्या ओळखसत्राला गेलो. त्या दिवशी शिकवणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) बाई खरोखर उत्तम होत्या. कमरेच्या हाडांचा सापळा आणि कापडी बाहुली हातात घेऊन बाळाचे डोके वळत वळत खाली कसे येते, हे त्यांनी इतके स्वच्छ दाखवले की माझ्या मनातली निम्मी भीती तिथेच गेली. त्या बाई मला पुन्हा कधीही दिसल्या नाहीत. त्यांना फक्त ओळखसत्रापुरते मानधन देऊन बोलावले जाते, हे मला जानेवारीत कळले. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक सत्र कोण घेणार हे नाव आणि नोंदणी क्रमांकासह लेखी मागा. भौतिकोपचारतज्ज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर यांची नोंदणी राज्याच्या परिषदांकडे होते आणि ती पडताळता येते. ‘गर्भसंस्कार मार्गदर्शक’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो.

सत्र संपल्यावर आम्हाला आतल्या खोलीत बसवले. मूळ शुल्क ३२,००० रुपये, दिवाळीची सवलत धरून २६,४०० रुपये, आणि ही सवलत त्याच संध्याकाळपर्यंत. ज्या क्षणी मी उठून बाहेर पडायला हवे होते तो क्षण याच टेबलावर आला होता, आणि तो मी रोज आठवते. समोर गुलाबी कागदावर छापलेले वेळापत्रक होते. पहिल्या ओळीत ‘एकूण २४ सत्रे’ आणि तिसऱ्या ओळीत ‘दर शनिवारी सकाळी १० वाजता’. समोरच्या गृहस्थांच्या डोक्यामागे भिंतीवर दिनदर्शिका लटकत होती. माझ्या हातात तेरा आठवडे होते. दर शनिवारी एक याप्रमाणे चोवीस सत्रे पूर्ण व्हायला मी एप्रिलपर्यंत गरोदर राहायला हवे होते! चौथीतल्या मुलाला जमेल अशी ही वजाबाकी मी केली नाही. माझ्या पतींनी तेवढे विचारले, “शनिवारीच असेल तर चोवीस कशी बसणार?” त्यावर ते गृहस्थ हसून म्हणाले, “दादा, तुमच्या बॅचला आठवड्यातून दोन घेणार आहोत. ताईंनी आता फक्त आनंदी राहायचं, बाकी सगळं आमच्यावर.” हेच कागदावर लिहून द्या, एवढे चार शब्द मी उच्चारले असते तर पुढचे काहीही घडले नसते. त्याऐवजी, बाळाच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये असे स्वतःला समजावून मी त्याच संध्याकाळी ५,००० आणि ७ नोव्हेंबरला उरलेले २१,४०० रुपये यूपीआयने पाठवले. पैसे वर्गाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेले. तेही मी पाहिले होते. वर्गाच्या नावाचे खाते नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

दिवाळीनंतर २५ नोव्हेंबरला पहिले सत्र झाले. मग २३ आणि ३० डिसेंबरला ‘ताई गावी गेल्या आहेत’ म्हणून सुट्टी. २० जानेवारीपर्यंत माझ्या वाट्याला एकूण सात सत्रे आली आणि आठवड्यातून दोन एकदाही झाली नाहीत. सातांपैकी पाच सत्रे श्लोक, चित्रे रंगवणे आणि बाळाचा बुद्ध्यांक वाढवण्याच्या गप्पांत गेली. श्लोकांशी माझे भांडण नाही, ते माझी आजीही म्हणायची. पण त्यासाठी सत्रामागे १,१०० रुपये मी मोजले नव्हते. मधल्या काळात २,८५० रुपयांचा ‘मातृत्व संच’ सक्तीचा ठरला. त्यात तेल, वही, आणि भेट म्हणून चक्क दुधाची बाटली होती. रुग्णालयातल्या परिचारिकेने ती पाहताच बाजूला ठेवली. गरोदर स्त्रियांना अशा बाटल्या भेट देण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, हे मला तिच्याकडून समजले.

खरी किंमत मी २७ जानेवारीला मोजली. पहाटे एक वाजता मला थोडे ओले झाल्यासारखे वाटले. पाणमोट फुटली की धो धो पाणी जाते एवढीच माझी समजूत होती. ते थेंबाथेंबानेही झिरपू शकते, कळा नसल्या तरी लगेच रुग्णालय गाठायचे असते, हे सात सत्रांत कोणी सांगितले नव्हते. मी कपडे बदलून पाच वाजेपर्यंत पडून राहिले. डॉक्टर चिडल्या, आणि त्यांचे बरोबर होते. बाळ सुखरूप आहे, पण त्या चार तासांबद्दल मी त्या माणसांना क्षमा करणार नाही.

न झालेल्या सतरा सत्रांचे १८,७०० रुपये परत मागितले तेव्हा उत्तर आले की शुल्क प्रसूतीपर्यंतच वैध असते. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसे छापलेले आहे, आणि पावती मला पैसे भरून नऊ दिवसांनी दिली होती. या धंद्याचे मर्म इथेच आहे. दिवस भरले की गिऱ्हाईक आपोआप संपते, आणि सव्वा महिना घराबाहेर न पडणारी, रात्र रात्र जागणारी बाळंतीण अठरा हजारांसाठी भांडायला येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

एप्रिलमध्ये बाळाला आईकडे ठेवून मी पोलीस चौकीत गेले. तिथले पोलीस म्हणाले, “मॅडम, पैसे तुम्ही तुमच्या हाताने दिलेत, वर्गालाही गेलात, मग फसवणूक कुठे आली?” मी वेळापत्रक पुढे ठेवले तर त्यांनी ते हातातही घेतले नाही. हे दिवाणी प्रकरण आहे, वकील गाठा. अर्जाची पोच द्या म्हटल्यावर साहेब नाहीत, शिक्का साहेबांकडे आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, पण पुढे काय झाले हे विचारायला गेले तेव्हा माझा अर्जच सापडेना. दूध भरून अंग ठणकत असताना मी त्या बाकावर तास तास बसले आहे आणि एकाही माणसाने मला पाणी विचारले नाही. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे. आरोग्य खात्याच्या कार्यालयात उत्तर मिळाले की ही वैद्यकीय सेवा नाही, म्हणून आमच्याकडे येत नाही. गरोदर बाईला व्यायाम शिकवणे, प्रसूतीबद्दल सल्ला देणे ही वैद्यकीय सेवा नाही, तर मग ती कोणाच्या अखत्यारीत येते? हे मी तिन्ही ठिकाणी विचारले आणि तिन्ही ठिकाणी मला दुसऱ्या दाराकडे बोट दाखवले गेले. जूनमध्ये वर्गाने जागाच सोडली. मी त्यांना पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर नाही’ असा शेरा घेऊन परत आली.

अखेर जानेवारी २०२५ मध्ये मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझे नऊ महिने वाचले असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. आणि वर्ग शोधण्यापूर्वी आपले नाव जिथे घातले आहे त्या रुग्णालयात आधी विचारा. आमच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा परिचारिका विनामूल्य सत्र घेतात, हे मी बाळंत झाल्यावर भिंतीवरच्या कागदावर वाचले.

त्या शनिवारच्या बॅचमध्ये माझ्यासोबत आणखी सहा जणी होत्या. दोघींनी आपल्या पावत्यांच्या प्रती मला दिल्या आहेत, उरलेल्या चौघींचे क्रमांक माझ्याकडे नाहीत. त्यांपैकी कोणाच्या नजरेस हे पडले तर एवढेच सांगते की तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ते गुलाबी वेळापत्रक तुमच्याकडे अजून असेल तर ते फेकू नका.