ब्रॉड-कोर अँटीबॉडी (क्लोन २५ई९.डी७): पैसा वसूल

फ्रूट फ्लायच्या अंडाशयावर काम करत असाल आणि बजेट एकाच अँटीबॉडीचं (ठराविक प्रोटीनला चिकटून ते कुठे आहे ते दाखवणारा रेणू) असेल तर बिनधास्त ही घ्या, ही ब्रॉड नावाचं प्रोटीन दाखवते. आयोवा विद्यापीठाच्या हायब्रिडोमा बँकेची (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी सांभाळणारी संस्था) आहे, ना नफा तत्त्वावर चालतात ते, त्यामुळे कंपन्यांच्या मानाने खूपच स्वस्त पडते.

बरेच जण आधी गुर्केनची, म्हणजे अंडपेशी सिग्नल म्हणून सोडते त्या प्रोटीनची अँटीबॉडी (१डी१२, तीपण याच बँकेत मिळते) मागवतात. तीही चांगलीच आहे, पण ती फक्त अंडपेशीकडून सिग्नल कुठून निघाला एवढंच दाखवते, तो ऐकून फॉलिकल पेशींनी (अंडपेशीभोवतीचा थर) पुढे काय केलं ते कळायला ब्रॉडच लागते. आता गंमत बघा, गुर्केन फॉलिकल पेशींवरच्या ईजीएफ रिसेप्टरला (सिग्नल पकडणारं प्रोटीन) जाऊन लागतं ते अंड्याच्या पाठीच्या मधल्या रेषेवर सगळ्यात जोरात, आणि नेमकं तिथेच ब्रॉड बंद! कारण जोराच्या सिग्नलने पॉइंटेड हे जीन चालू होतं आणि ते ब्रॉडला दाबून टाकतं, थोडं बाजूला सिग्नल मध्यम असतो तिथे मिरर हे जीन ब्रॉडला चढवतं. मिरवणुकीत डीजेच्या अगदी समोरचे कानांवर हात ठेवतात आणि जरा लांबचे नाचतात, तसंच. पुढच्या टोकाला परत डीपीपी या दुसऱ्या प्रोटीनचा सिग्नल ब्रॉडला आवर घालतो. एवढ्या सगळ्या भानगडीनंतर उरतात ब्रॉडचे दोन ठिपके, प्रत्येकी साधारण ५०-६० पेशींचे, आणि त्यातूनच अंड्याच्या कवचावरच्या दोन शिंगांचं छत बनतं. या शिंगांतूनच आतला गर्भ श्वास घेतो.

स्टेनिंग एकदम क्लीन येतं, सगळं न्यूक्लियसमध्ये, बॅकग्राउंड नाहीच म्हटलं तरी चालेल. आम्ही १:१०० पातळ करून वापरतो, रात्रभर ४ डिग्रीला. माश्यांना आदल्या दिवशी यीस्ट पेस्ट भरपूर द्या, नाहीतर स्टेज १० चे (अंड्याच्या वाढीचा टप्पा) एग चेंबर, म्हणजे अंडपेशी आणि तिच्याभोवतीच्या पेशींचे गोळे, शोधत बसाल. आणि हो, चेंबर कुशीवर पडला की एकच ठिपका दिसतो, लोकांना वाटतं म्युटंटच सापडला 😄 कव्हरस्लिप हलक्या हाताने सरकवून चेंबर लोळवा, पाठ वर आली की दोन्ही ठिपके समोर दिसतात.

तोटे म्हणाल तर, ब्रॉड आणि गुर्केन दोन्ही उंदराच्या अँटीबॉडी, त्यामुळे एकाच स्लाइडवर दोन्ही करायच्या तर नेहमीच्या सेकंडरीने (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून चमकणारी दुसरी अँटीबॉडी) जमत नाही, ती दोन्हींना सारखीच चिकटते. शिवाय स्टेज १० च्या आधी ब्रॉड सगळ्याच फॉलिकल पेशींत असतं, तेव्हा स्टेज नीट ओळखता येत नसेल तर फोटोवरून काहीही निष्कर्ष निघेल. आणि कवच चढायला लागल्यावर अँटीबॉडी आत अंडपेशीपर्यंत नीट जात नाही, पण फॉलिकल पेशी कवचाच्या बाहेरच असतात, त्यामुळे ब्रॉड उशिराच्या स्टेजलाही दिसतं.

आमचं पार्सल कुरिअरवाल्याने गोडाऊनमध्ये गरमीत ठेवलं होतं तरी चाललं, पण तुम्ही रिस्क नका घेऊ, आल्या आल्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीजरला टाका. पाचपैकी साडेचार.